शेऱ्याचा रकाना

— न्हाई, प्रिंट नको, बद्रीभाऊ. पुसायचं आहे. एक पान. सगळं न्हाई, एकच, आणि ते गेलेलं कुणाला कळू नये असं — म्हणजे मागचं-पुढचं बराबर जागेवर राहिलं पाहिजे. होतं का तसं? वहीत फार त्रास असतो. एक पान फाडलं की शिलाईच्या पलीकडचं त्याच्या जोडीचं पान सुटतं, मंग ते फाडा, मंग पानांचे आकडे नव्यानं टाका, मंग पहिल्या पानावर 'या वहीत एकूण इतकी पाने आहेत' असा जो दाखला असतो तो बदला, त्याच्यावर हेडमास्तरची सही घ्या, आणि हेडमास्तर बदलून गेलेला असला की — असो. तेहतीस वर्षं शाळेत कारकुनी केली, पानं कशी जातात ते मला विचारा. पण ते कागदाचं. हे तुमचं काचेतलं मला उमगत न्हाई, म्हणून तर आलो. दार लोटून घ्या जरा. गिऱ्हाईक यायचं आहे म्हणता? बरं, पडदा तरी ओढा. ती समोर वडीगोद्रीची गाडी लागली ना, तिच्यातून कोण उतरतंय ते मला दिसायला पाहिजे, आणि मी कुणाला दिसायला नको. न्हाई हो, पोलिसाचं काही न्हाई. सुनेचं आहे.

सून म्हणजे उषा. तुम्ही वळखता तिला, वर्ष झालं दर रविवारी तुमच्या त्या कोपऱ्यातल्या मशिनीवर बसती. वडीगोद्रीला मास्तरीण आहे, सकाळी जाती, संध्याकाळी येती, आणि उरलेल्या वेळात घरबसल्या एम.ए. करून राह्यली — शैक्षणिक तंत्रज्ञान. उद्या अकरा वाजता औरंगाबादला तोंडी परीक्षा आहे. तिथं म्हणे एक मॅडम आणि दोन सर बसणार, आणि भिंतीवर तिचा पोर्टफोलिओ पाडणार, सिनेमासारखा. पोर्टफोलिओ म्हणजे काय, मी विचारलं. ती म्हणाली, मामंजी, तुमचं सर्व्हिस बुक असतं ना, तसंच, फक्त आपलं आपण लिहायचं. आपलं सर्व्हिस बुक आपणच लिहायचं! मला तव्हाच घाम फुटायला पाहिजे होता. आणि लिहून ते कपाटात ठेवायचं न्हाई, तर इंटरनेटवर टांगायचं — मी काय शिकले, कशी शिकले, कुठं चुकले. अहो, सर्व्हिस बुक कसं असतं? कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली साहेबाकडं. साहेब रजेवर. एवढ्या बंदोबस्तात माणसाचं आयुष्य सुखरूप राहतं. आणि हिचं आयुष्य कोण बघू शकतं? कुणीबी. मी विचारलं होतं, कुणीबी म्हणजे किती? ती म्हणाली, मामंजी, कुणीबी म्हणजे कुणीबी.

पासवर्ड तुमच्या वहीत आहे. हो, त्याच लाल वहीत, अख्ख्या अंबडचे पासवर्ड ज्याच्यात आहेत. मला कसं माहीत? तिनंच सांगितलं, रविवारी, जाता जाता, आपण होऊन — 'पासवर्ड बद्रीभाऊंच्या वहीत लिहिलेला आहे, मामंजी, विसरला तरी चालतो.' मी कशाला विसरतो? मला तो कशाला लागतो? आता लागला. तुम्ही असं बघू नका. तिच्या माघारी चोरून उघडून राह्यलो, हे मला कळतं. लाईट किती वाजता जाती आज? दोनला? म्हणजे पाऊण तास. जल्दी उघडा मंग. आणि थोडं पाणी द्या.

रविवारी तुम्ही होतातच की. तिनं मला आणलं, खुर्ची पुसून बसवलं, म्हणाली, डोळे मिटा, मंग म्हणाली, उघडा. आणि समोर काचेत — माझं अक्षर! तुम्ही पाहिलंत, मी कसा उठलो खुर्चीतून. साप बघून उठावं तसा. निळी शाई, तिरपे आकडे, खाली माझी सही, पान सत्तेचाळीस. तीस वर्षं ज्या अक्षराची साहेबलोकांनी तारीफ केली ते अक्षर, पण एवढं मोठं, एवढं उजेडात, मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? मी म्हणलो, 'अक्षर बरं आलंय.' बस. तेवढंच. ती म्हणत होती, मामंजी, खाली बघा ना, खाली अजून आहे. मी म्हणलो, दिसलं, दिसलं, छान आहे, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशात होता.

ते पान कशाचं? सांगतो. तारखेची एक चूक आहे त्याच्यात, एवढंच. तारीख चुकली आहे, आणि परीक्षेत ते लोक पकडतील, बिचारीचे मार्क जातील, म्हणून म्हणलं काढून टाकावं. तारीख. — न्हाई, नुसती ती दुरुस्त करून भागायचं न्हाई. कारण तारीख बराबर आहे. तारीख एकटीच बराबर आहे, बद्रीभाऊ, त्या पानावर.

अठ्ठ्याऐंशी साल. मी तव्हा गोदेकाठच्या एका शाळेत कारकून. आता तो भाग घनसावंगी तालुक्यात आला, तव्हा अंबडातच होता. गावाचं नाव कशाला पाहिजे तुम्हाला? सरकारची योजना निघाली की शाळा-शाळांना रंगीत टीव्ही द्यायचे, पोरांना दिल्लीचे कार्यक्रम दाखवायचे. नाव काय योजनेचं, बघा — शैक्षणिक तंत्रज्ञान! हेच नाव. सुनेनं पहिल्यांदा सांगितलं ना, मी ह्यात एम.ए. करते, तव्हा मी मनात म्हणलो, हे नाव मी खोक्यावर वाचलेलं आहे. खोक्यावर म्हणजे — टीव्ही आला होता. आला नव्हता असं कुणी म्हणायचं न्हाई. जीपमधून आला, मी स्वतः उतरवून घेतला, पोच लिहून दिली. बारा वाजता आला, चार वाजता गेला. कुठं? संस्थेचे चेअरमन सर्जेराव अण्णा, त्यांच्या बैठकीत. सुरक्षेसाठी. शाळेची खिडकी मोडकी होती, लाईट नव्हती, आणि अण्णांच्या घरी खिडक्याबी चांगल्या होत्या, लाईटबी होती, आणि टीव्ही नव्हता. अण्णा म्हणाले, शाळेला लाईट आली की घेऊन जा. लाईट आली पंच्याण्णवला. तवर टीव्ही बिघडला होता. पण अण्णा माणूस सरळ. खोका तेवढा पहिल्याच आठवड्यात परत पाठवला होता.

हसताय? हसा. आम्ही तो खोका सहावीच्या वर्गात टेबलावर ठेवला, त्याच्यावर हेडमास्तरच्या घरून विणलेलं पांढरं कापड आणून घातलं. मागून विटा भरल्या, वाऱ्यानं हलू नये म्हणून. पोरांना वाटायचं आत टीव्ही आहे. का न्हाई वाटणार? खंडेनवमीला आपण सगळ्या हत्यारांची पूजा करतो की न्हाई — टाईपरायटर, घंटा, कुदळ, पाण्याची मोटार — तशी त्याचीबी करायचो. हळद-कुंकू, झेंडूचा हार. शिपाई नारळ फोडायचा. सात वर्षं आम्ही विटा भरलेल्या खोक्यापुढं नारळ फोडला, आणि प्रसाद मीच वाटायचो. एक पोरगं म्हणालं होतं, गुरुजी, हा कधी बोलतो? हेडमास्तर म्हणाले, तुम्ही शांत बसलात की.

आलं का पान? न्हाई? फिरतंय अजून? फिरू द्या.

तर नव्वदच्या एप्रिलात तपासणी आली. टीव्ही कुठं आहे ते साहेब बघणार नव्हते, साहेबांना घाई असती. साहेब वही बघणार. 'दूरदर्शन संच वापर नोंदवही' — तारीख, वर्ग, कार्यक्रम, विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न, शेरा. वही कोरी. हेडमास्तर म्हणाले, मल्हारी, दोन वर्षांचं भरून टाक. मी म्हणलो, सर, खोटं? ते म्हणाले, खोटं न्हाई, प्रलंबित. मंग बसलो. समोर कॅलेंडर, रविवार वगळायचे, सुट्ट्या वगळायच्या, पोळ्याला पोरं येत न्हाईत तो दिवस वगळायचा — मी काम बराबर करणारा माणूस आहे. पहिली दहा-बारा पानं कोरडी लिहिली. 'विज्ञान. बेडूक. विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहिले.' मंग काय झालं कोणास ठाऊक. तालुक्याच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून डोकं भरलेलं होतं, आणि ते विचारणारं कुणी नव्हतं. घरात सांगावं तर बायको, आमची आसराबाई, म्हणायची, देवमाशाचं नंतर सांगा, आधी दळण आणा. सगळं मी त्या वहीत ओतलं. ध्रुवावरचा बर्फ ओतला. रेशमाचा किडा ओतला. समुद्र तर मी जन्मात पाहिला न्हाई, आमचा बाप मेंढरामागं हिंडला, त्यानंबी न्हाई पाहिला — पण त्या वहीत असा समुद्र आहे, बद्रीभाऊ, की पान ओलं लागावं. साहेबांनी वाचलं आणि खाली लिहिलं, 'उत्तम. अनुकरणीय.' झालं! पुढं नऊ वर्षं मी लिहीतच राहिलो. तपासणी नसली तरी.

आणि प्रश्न. विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न. हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. नावं हजेरीपटातून घ्यायचो, पण कुणाचीबी न्हाई. समजा साहेबांनी वाचलं, 'कचरूने विचारले की हिमालय वाढतो का', आणि साहेब म्हणाले, बोलवा त्या कचरूला — आणि कचरू उभा राहून म्हणाला, कोणता हिमालय? म्हणून मी नावं अशीच घ्यायचो की जी पोरं एप्रिलात गावात नसतात. सालगड्यांची. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं, तो बिऱ्हाड उचलतो, पोरं त्याच्या मागं. ऊसतोडीवाल्यांची. मेंढरंवाल्यांची, मामाकडं न्हाई तर काकाकडं ठेवलेली, वर्ष-दोन वर्षं. मागच्या रांगेत बसायची, तोंड उघडायची न्हाईत, आणि एक दिवस नसायची. दाखलाबी कुणी न्यायला यायचं न्हाई. अशांच्या नावावर मी प्रश्न टाकले. सगळ्यात चांगले प्रश्न त्यांना दिले. कुणी विचारायला येणार नव्हतं. कारकुनाच्या डोक्यानं बघा, किती बिनधोक काम आहे.

कोण आलं? बघा बघा. — झेरॉक्स? जा, देऊन या, मी बसतो. मी काही हात लावत न्हाई.

... आलात? कुठवर सांगितलं? हां. वही. निवृत्त झालो तव्हा वही घरी घेऊन आलो. जुन्या इमारतीतलं दप्तर रद्दीत चाललं होतं. बाकी सगळं जाऊ दिलं, ती तेवढी पिशवीत घातली. का? आता का म्हणून काय विचारता. माणूस आपलं चांगलं लिहिलेलं फेकतो का? ट्रंकेत तळाशी होती. मागच्या दिवाळीत उषानं ट्रंक उन्हात काढली. मी दारात पेपर वाचत बसलो होतो. बघतो तर ही पायरीवर बसलेली, मांडीवर वही, पान उलटतच न्हाई. एकाच पानावर. मंग म्हणाली, 'मामंजी, हे तुम्ही लिहिलंय?' मी म्हणलो, हो. 'सगळं?' सगळं. परत विचारलं, 'सगळं?' — डोळे भरून आल्ते तिचे. मला वाटलं, कौतुक. सासऱ्याचा अभिमान वाटला पोरीला. आणि मी मूर्ख, मी तिला काय सांगितलं माहीत आहे? मी म्हणलो, त्या काळात आमच्या शाळेत अशी शिस्त होती.

वही तिनं मागून घेतली. मी दिली. न्हाई कसं म्हणणार? मंग कळलं की ते पोर्टफोलिओत टाकणार, कुणी मॅडम फोनवर म्हणाल्या की हे सगळ्यात महत्त्वाचं पान आहे, ह्याच्यावर आपण तोंडीला बोलू. तव्हापासून माझं काय चाललंय! भाकरी उतरत न्हाई. एस.टी. स्टँडवर कुणी 'नमस्कार बाबू' म्हणलं की मी आधी त्याचं वय काढतो — हा सत्त्याहत्तरचा जन्म असेल का? सहावीत असेल का? ती पोरं आता तिशीत आली, पुण्याला आहेत, कंपनीत आहेत, त्यांच्या टेबलावर हेच यंत्र आहे. त्यातल्या एकानं उघडलं आणि खाली लिहिलं — 'कोणता टीव्ही?' — तर? माझं काय व्हायचं ते होऊ द्या. पण पोरीचं? उद्या भिंतीवर ते पान, आणि त्या मॅडमनी विचारलं, हे खरं आहे का? ती म्हणणार, हो, माझ्या सासऱ्यानं लिहिलंय. माझ्या शब्दावर उभी राहणार ती. माझ्या विटांच्या खोक्यावर. म्हणून म्हणतो, पुसा. आज पुसलं तर उद्या भिंतीवर यायचं न्हाई. ती विचारेल, पान कुठं गेलं? म्हणावं, मशिनीत बिघाड झाला. तुम्हीच सांगा तिला, तुमच्या शब्दाला वजन आहे. — न्हाई सांगणार? बरं. नका सांगू.

आलं. आलं का! थांबा, एकदम पुसू नका. मोठं करा. अजून. आज चष्मा आहे. एकदा वाचून घेऊ द्या, शेवटचं. — 'दिनांक १४ डिसेंबर १९८९, गुरुवार. इयत्ता सहावी. कार्यक्रम: समुद्रातील जीवन. देवमासा श्वास घेण्यास पाण्यावर येतो व त्याच्या श्वासाचे कारंजे होते, हे पाहून वर्ग स्तब्ध झाला.' — स्तब्ध! बघा, काय शब्द टाकलाय. 'त्यानंतर कुमारी बायना धुळाजी हिने उभे राहून विचारले की, समुद्राला पलीकडची बाजू असते का, आणि असल्यास तिथली मुलेही ह्या बाजूकडे बघत असतील का.'

...

बद्रीभाऊ, ते नाव परत मोठं करा.

बायना धुळाजी.

बायना धुळाजी म्हणजे — थांबा, थांबा. बोलू नका. लग्नाची पत्रिका मीच लिहिली होती. 'चि. शिवाजी व चि. सौ. कां. बायना' — शिवाजी, माझा मुलगा. आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहितात ना, तव्हा मीच सांगितलं, उषा लिहा. बायना हे नाव शाळेत शिकवणाऱ्या बाईला शोभत न्हाई, म्हणलो. मी. मी बदललं. तिचा बाप धुळाजी मेंढरं घेऊन वर्षातून आठ महिने रानात. ती मामाकडं असायची. मामा सालगडी. आज ह्या गावात, उद्या त्या. बघायला गेलो तव्हा मी विचारलं होतं, शिक्षण कुठं झालं? ती सांगायला लागली — पहिली-दुसरी अमुक गावाला, चौथी तमुक गावाला — आणि मी हात वर केला. म्हणलो, तेवढं नको, शेवटचा दाखला कुठला ते सांगा. शेवटचा दाखला जालन्याचा. दाखल्यावर शेवटची जी शाळा तीच खरी, बाकीच्या मोजायच्या न्हाईत, ही आमच्या टेबलाची रीत. तिसरं नाव तिच्या ओठावर होतं, बद्रीभाऊ. ओठ हललेले मला आता दिसून राह्यलेत.

म्हणजे ती होती. त्या वर्गात. खोका जिथं होता त्याच वर्गात. माझ्या हातून खोबऱ्याचा तुकडा घेतलेला तिनं. आणि मी काय म्हणलो — 'त्या काळात आमच्या शाळेत अशी शिस्त होती.' तिच्या तोंडावर!

खाली काय आहे? ती म्हणत होती, खाली बघा. खाली घ्या. इंग्रजी सोडा. हां, मराठी. मी वाचतो. हळू सरकवा. — 'या शाळेत मी पावणेदोन वर्षे होते. शाळेत टीव्ही नव्हता, टीव्हीचा खोका होता. मी दाराशी बसत असे. हा प्रश्न मी विचारलेला नाही. त्या शाळेत मी एकही प्रश्न विचारला नाही. विचारता येतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. माझ्या नावावर नोंदलेला हा पहिला प्रश्न आहे. तंत्रज्ञान शाळेत पोचले, असे कागद म्हणतो, तेव्हा वर्गात काय असते, ते मी इथून शिकले. नोंद करणारे लिपिक आमच्याच घरी आहेत. त्यांचा शेरा पुढीलप्रमाणे:'

आणि पुढं?

सरकवा की. — संपलं? एवढंच? हा चौकोन कसला? रिकामा आहे. वर लिहिलंय काय ते — 'शेरा'. उजवीकडं खाली 'श्री. मल्हारी, निवृत्त लिपिक'. सहीची जागा सोडलेली.

बद्रीभाऊ, दिवाळीपासून नऊ महिने झाले. नऊ महिने ही पोरगी मला सकाळी चहा देती, दोन चमचे साखर, बशी पालथी घालून, माशी बसू नये म्हणून. दवाखान्यात नेलं मागच्या महिन्यात, रांगेत उभी राहिली. एक शब्द न्हाई. आरडाओरडा केला असता तर मी वरडलो असतो, मला येतं ते. रविवारी इथं आणून बसवलं. मोठं करून दाखवलं. खाली बघा म्हणाली. आणि मी म्हणलो, अक्षर बरं आलंय. आणि तरी ती जाता जाता पासवर्ड सांगून गेली! मला वाटलं, मी चोरून आलो. हिनं दार उघडं ठेवलेलं होतं.

पोलिसाचं भ्या असतं तर बरं, हो. पोलिसाला जबाब देता येतो. चौकशी लागली तर हेडमास्तर वारले म्हणता येतं, अण्णा वारले म्हणता येतं, वरून आदेश होता म्हणता येतं. हिला काय सांगू? ही वरबी न्हाई, खालीबी न्हाई. उद्या अकरा वाजता त्या मॅडम भिंतीकडं बोट करतील, म्हणतील, हा रकाना रिकामा का? हे गृहस्थ हयात आहेत ना? आणि ती काय करेल ते मला ठाऊक आहे. खाली बघेल. दाराशी बसलेली असताना बघत असेल तशी. — तो बाण कुठं नेताय? तो बाण तिथून काढा! 'पुसायचे का' असं विचारून राह्यलं ते, त्याला न्हाई म्हणा. न्हाई! नको दाबू, काढा हात! ... गेलं न्हाई ना? आहे? दाखवा. आहे.

हुश्श.

लाईटीला किती वेळ? पंचवीस मिनिटं. मराठी टायपिंग लावून द्या, जुन्या टाईपरायटरचीच अक्षरं असतात ना ह्याला? येतं मला. चाळीसच्या स्पीडची परीक्षा पहिल्या खेपेला पास आहे. त्या चौकोनात न्या मला. हां. ही रेघ उघडझाप करती ती काय? लिहा म्हणती? हजार पानं लिहिली मी, समुद्र लिहिला, एकदा हात थांबला न्हाई. आता बघा. 'सविनय सादर करण्यात येते की' — न्हाई. हे पुसा. हे माझं न्हाई, हे ऑफिसचं आहे. 'तत्कालीन परिस्थितीत' — पुसा. 'वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार' — पुसा, पुसा, सगळं पुसा. 'बायना,' — हं. हे राहू द्या. हे नाव मी एकदा लिहिलं आणि एकदा खोडलं. राहू द्या हे. स्वल्पविरामबी राहू द्या.

तुम्ही का बसलात अजून? उठा, बद्रीभाऊ. तुमच्यासमोर न्हाई व्हायचं हे. बाहेर थांबा, पडदा ओढून घ्या. वडीगोद्रीची गाडी आली तर आली, कोणीबी उतरू द्या. अहो जा म्हणतो ना —